वाचक विचारतात : शहरांची हवा आणि सरकारी उपाय

थंडी सुरू झाली की या सदराकडे हवेच्या तक्रारींची पत्रे वाढतात. त्यांपैकी सरकारी उपायांविषयी प्रश्न विचारणारी निवडक पत्रे या अंकात घेतली आहेत. दमा, खोकला आणि औषधे यांविषयीची पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण रुग्णाला न तपासता छापील सल्ला देणे बरे नव्हे.

प्रश्न : आमच्या सोसायटीला लागून जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. घरात दिवसातून तीनदा फडके मारावे लागते. बिल्डरचा माणूस म्हणतो, पत्रे लावले आहेत, पाणी मारतो, सगळे नियमात आहे. नियम नेमके काय आहेत आणि दाद कोणाकडे मागायची?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, मालाड (पूर्व), मुंबई

उत्तर : बांधकामाच्या धुळीविषयी केंद्र सरकारची अधिसूचना जानेवारी २०१८ पासून आहे. मुंबईपुरते बोलायचे तर बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आपल्या अधिक कामाची आहेत. त्यांनुसार ७० मीटरपेक्षा उंच प्रकल्पाभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे लावावे लागतात, बांधकाम चालू असलेली इमारत हिरव्या कापडाने, तागाच्या कापडाने किंवा ताडपत्रीने सर्व बाजूंनी झाकावी लागते, तोडकाम चालू असताना सतत पाण्याचे तुषार मारावे लागतात, राडारोडा नेणारी वाहने झाकलेली असावी लागतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाके प्रवेशद्वाराशीच धुवावी लागतात. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्यामुळे या अटींना न्यायालयीन देखरेखीचेही बळ मिळाले.

तपासणीला गेलात तर पत्र्यांपेक्षा प्रवेशद्वाराकडे आधी पाहा, असे आम्ही सुचवू. पत्रे एकदा उभे केले की उभे राहतात. चाके धुण्यासाठी मात्र रोज पाणी, माणूस आणि प्रत्येक गाडीमागे चार-पाच मिनिटे खर्ची घालावी लागतात, त्यामुळे काटकसर तिथेच होते. चिखलाने भरलेल्या चाकांचा डंपर रस्त्यावर आला की पन्नास-शंभर मीटरपर्यंत चिखलाचे दोन पट्टे उमटतात, ते दुपारपर्यंत वाळतात आणि त्यानंतर येणारे प्रत्येक वाहन त्यांची भुकटी उडवत राहते. प्रवेशद्वाराबाहेर असे पट्टे दिसले, तर आतल्या नोंदवहीत काहीही लिहिलेले असो, अट पाळली जात नाही हे उघड आहे. दिनांक आणि वेळ दिसेल असे छायाचित्र घ्यावे.

तक्रार महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि त्याच मजकुराचे पत्र विभाग कार्यालयातील सहायक आयुक्तांकडे पोच घेऊन द्यावे. जवळपास तयार काँक्रीट बनवणारा आरएमसी प्लांट असेल तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडेही करावी, कारण अशा प्लांटला मंडळाचे संमतीपत्र लागते आणि त्यातील अटी मोडल्यास कारवाई मंडळानेच करायची असते. महिनाभरात हालचाल झाली नाही तर माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी मागाव्यात : या जागेची पाहणी कोणत्या तारखांना झाली, नोटीस दिली का आणि काम थांबवण्याचा आदेश निघाला का. कारवाई अशक्य नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस हवा गुणवत्ता निर्देशांक (आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) २०० च्या वर गेल्यावर महापालिकेने भायखळा आणि बोरिवली (पूर्व) या भागांतील सगळीच बांधकामे थांबवायला लावली होती. अर्थात, सरसकट बंदीत नियम पाळणाराही भरडला जातो. एकेका प्रवेशद्वाराची रोजची तपासणी कंटाळवाणी असते, पण तीच अधिक न्याय्य ठरते.

प्रश्न : पुण्यात रस्त्यांवर पाण्याचे फवारे उडवणाऱ्या गाड्या आणि यांत्रिक झाडू फिरताना दिसतात. या खर्चातून हवा खरोखर सुधारते का, की नुसता देखावा आहे?
— निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे

उत्तर : देखावा म्हणणे अन्यायाचे होईल, पण आपल्याला शंका आली ती योग्य ठिकाणी आली आहे. तिचे उत्तर त्या गाडीत शोधण्यापेक्षा तिच्यासाठी पैसे देणाऱ्या योजनेत शोधावे लागते.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात देशातील १३१ शहरे असून महाराष्ट्रातील १९ आहेत, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांच्याबरोबर जालना, लातूर, सांगली, बदलापूर यांसारखी शहरेही या यादीत आहेत, ही गोष्ट तेथील अनेक रहिवाशांना ठाऊक नसते. आरंभीचे उद्दिष्ट २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट किंवा राष्ट्रीय मानकाची पूर्तता असे वाढवण्यात आले. दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळाकरिता हवेच्या कामासाठी १२,१३९ कोटी रुपयांची वेगळी तरतूद सुचवली, आणि ही रक्कम शहराच्या कामगिरीशी जोडली.

इथेच मेख आहे. कामगिरी मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० या मापाने, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या सर्व कणांच्या एकत्र वजनाने. वजनात भरड धूळ भारी पडते. त्यामुळे ज्या महापालिकेला पुढच्या वर्षीचा हप्ता हवा आहे ती साहजिकच रस्ता झाडते, खड्डे बुजवते आणि पाणी मारते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने २०२४ मध्ये या निधीचा हिशेब मांडला, तेव्हा ६४ टक्के खर्च रस्त्यांच्या धुळीवर झालेला आढळला. वाहनांच्या वाट्याला सुमारे साडेबारा टक्के आले होते आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही नव्हता. अधिकाऱ्यांचा आळस हे याचे कारण नव्हे. परीक्षेत जे विचारले जाते त्याचाच अभ्यास होतो, आणि या परीक्षेची प्रश्नपत्रिका केंद्राने काढलेली आहे.

फुप्फुसात खोलवर जाऊन रक्तापर्यंत पोहोचणारे कण असतात ते पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे. त्यांतले पुष्कळसे डिझेल, कोळसा, लाकूड आणि कचरा जळून निघतात किंवा धुरातील वायूंची हवेत प्रक्रिया होऊन नंतर तयार होतात. हवेत मारलेला फवारा भरड धुळीला खाली बसवतो, या सूक्ष्म कणांना तो फारसा हात लावू शकत नाही. शिवाय रस्त्यावर मारलेले पाणी मार्चच्या उन्हात तासाभरात उडून जाते. यांत्रिक झाडूची मर्यादा निराळीच आहे : धूळ साठते ती दुभाजकाच्या कडेला आणि रस्ता व पदपथ यांच्यामधल्या मातीच्या पट्ट्यात, आणि तिथे लावलेल्या दुचाकी व हातगाड्या हटवल्याशिवाय झाडू पोहोचत नाही. आम्हाला विचाराल तर तोच पैसा हा पट्टा फरसबंद करण्यात किंवा त्यावर गवत लावण्यात घातला तर वर्षानुवर्षे उपयोगी पडेल. फवारा मारायचाच असेल तर तो तोडकाम चालू असलेल्या जागी, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील शुद्ध केलेल्या पाण्याने मारावा.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट श्रेयाची नोंदवायला हवी. शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलने २०१९ मध्ये विजेवरच्या बस रस्त्यावर आणल्या आणि ताफ्यात सीएनजीचा वाटाही मोठा केला. पीएम २.५ वर खरा परिणाम करणारे काम हे. त्याचे फलित पीएम १० च्या तक्त्यात मात्र जेमतेम दिसते.

प्रश्न : एक ॲप आमच्या भागाचा निर्देशांक १०० दाखवते आणि दुसरे त्याच सकाळी १५० च्या वर. वर्गात मुलांना कोणता आकडा खरा म्हणून सांगू?
— विज्ञान शिक्षिका, नाशिक

उत्तर : बहुधा दोन्ही आकडे एकाच हवेचे असतात, मोजपट्ट्या वेगळ्या असतात. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. तो पीएम २.५, पीएम १०, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया यांसारख्या आठ घटकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट त्याच्यावरून ठरतो. बेरीज किंवा सरासरी केली जात नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी धरली जाते, त्यामुळे सकाळी सातचा दाट धूर त्या क्षणी आकड्यात पूर्ण उतरत नाही. अनेक खासगी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात आणि जवळजवळ त्याच तासाची हवा दाखवतात.

प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ घेऊन पाहा. आपल्याकडे २४ तासांसाठीचे मानक तेच असल्याने निर्देशांक बरोबर १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ गणली जाते. अमेरिकी पट्टीवर तीच हवा १५० ओलांडते आणि ‘आरोग्यास अपायकारक’ ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर दिवसाला १५ मायक्रोग्रॅमची आहे. वर्गासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप वापरावे, मात्र निर्देशांकाबरोबर मायक्रोग्रॅमचा आकडाही फळ्यावर लिहावा. तो कोणत्याही देशात तोच राहतो.

प्रश्न : औष्णिक वीज केंद्रांना गंधकाचा धूर रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाल्याचे वाचले. मग चंद्रपूरकरांनी काय समजायचे?
— व्यापारी, चंद्रपूर

उत्तर : ही यंत्रणा म्हणजे एफजीडी. धुराड्यातून जाणारा सल्फर डायऑक्साइड ती बहुधा चुनखडीच्या साहाय्याने शोषून घेते. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. त्यानंतर मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने देशातील सुमारे ७८ टक्के कोळसा वीज केंद्रांना या मर्यादेतून वगळले. सरकारचा युक्तिवाद असा की भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि शहरांच्या हवेत या वायूचे प्रमाण मर्यादेतच आढळते. वायू म्हणून मोजले तर हे खरे आहे. मात्र हा वायू हवेत फार काळ वायू राहत नाही. त्याचे सल्फेट होते आणि ते सूक्ष्म कणांच्या रूपाने शेकडो किलोमीटर दूर जाते. तिथल्या मापन केंद्रात ते पीएम २.५ म्हणून नोंदले जाते, आणि त्याचा जाब वीज केंद्राला कोणी विचारत नाही.

चंद्रपूरसाठी एक दार उघडे आहे. सूट सरसकट नाही. राष्ट्रीय मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांपासून किंवा अतिप्रदूषित क्षेत्रांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांचा ‘ब’ वर्ग केला असून त्यांचा निर्णय तज्ज्ञ समितीच्या मूल्यमापनावर एकेक करून व्हायचा आहे. चंद्रपूर शहर शुद्ध हवा कार्यक्रमाच्या १९ शहरांत आहे आणि २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र शहराला लागूनच आहे, तेव्हा लोकप्रतिनिधी आणि व्यापारी संघटनांनी आपले म्हणणे त्या समितीपुढे लेखी मांडावे. राखेचा प्रश्न या सूटीत येत नाही हेही ध्यानात ठेवावे. धूलिकणांची मर्यादा आणि राखेची विल्हेवाट यांविषयीच्या अटी पूर्वीइतक्याच बंधनकारक आहेत.

प्रश्न : आमची बेकरी तीन पिढ्यांची आहे. लाखो मोटारी सोडून सरकार पाववाल्याच्या भट्टीमागे का लागले आहे?
— बेकरी व्यावसायिक, मुंबई

उत्तर : आपला राग समजू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर आणण्याचे निर्देश दिले. मोटारींना त्या आदेशात अगदीच मोकळे सोडलेले नव्हते. पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे पाहण्यासाठी समिती नेमण्यासही न्यायालयाने सांगितले होते. पण समितीला अहवाल द्यायचा असतो आणि बेकरीवाल्याला भट्टी मोडायची असते, हा फरक आपल्याला बोचणारच.

तरीही भट्टीच्या विरोधातील मुद्दा खरा आहे. बहुतेक बेकऱ्यांत सरळ जळाऊ लाकूड येत नाही. जुन्या फर्निचरच्या फळ्या, प्लायवूड, दारे-चौकटी असे भंगार लाकूड स्वस्त पडते म्हणून तेच येते. त्यावर रंग, व्हार्निश आणि सनमायका चिकटवलेल्या गोंदाचा थर असतो, आणि तो जळताना निघणारा धूर साध्या लाकडापेक्षा विषारी असतो. धुराडे असते दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या उंचीवर आणि भट्टी पेटते पहाटे, म्हणजे हवा सर्वांत स्थिर असताना. मोटारीचा धूर शहरभर वाटला जातो, हा शेजारच्या चार इमारतींतच राहतो. भट्टी बदलण्याचा खर्च आणि गॅसची जोडणी मिळेपर्यंतचा काळ यासाठी शासनाने मदत द्यावी, ही मागणी आम्हाला रास्त वाटते, आणि ती आपल्या संघटनेने लावून धरावी.

प्रश्न : पुढच्या टेम्पोतून काळा धूर निघत असतो आणि चालकाकडे पीयूसी मात्र वैध असते. हे कसे?
— दुचाकीस्वार, नागपूर

उत्तर : पेट्रोलच्या गाडीची पीयूसी चाचणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, डिझेलची चाचणी धुराचा दाटपणा. पीएम २.५ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचे मोजमाप त्यात होतच नाही. चाचणी उभ्या गाडीची होते, भार घेऊन चढ चढणाऱ्या गाडीची नव्हे, आणि बीएस-४ व त्यापुढच्या गाडीचे प्रमाणपत्र वर्षभर चालते (बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुरासाठीची सरकारी मानके). एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आले आणि इंधनातील गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर उतरले, हा मोठा पल्ला होता. पण रस्त्यावरचा जुना टेम्पो त्याने बदलत नाही.

प्रश्न : धुके शोषणारे मनोरे, कृत्रिम पाऊस असे प्रयोग आम्ही इथे पाहिले. मुंबई-पुण्यानेही ते करावेत का?
— दिल्लीत स्थायिक झालेले वाचक

उत्तर : नाही. कॅनॉट प्लेसचा २४ मीटर उंचीचा मनोरा ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे वीस कोटी रुपये खर्चून उभा राहिला. त्याच्या आसपासच्या थोड्या परिसरापलीकडे उपयोग दिसला नाही आणि पुढे तो बंदही पडला. उघड्या हवेला गाळणी लावण्याचा हा प्रकार होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयआयटी कानपूरच्या साहाय्याने ढगांत बीजारोपण करून पाहिले, परंतु ढगांत पुरेशी आर्द्रताच नव्हती. हिवाळ्यात प्रदूषण वाढते ते आकाश कोरडे आणि हवा स्थिर असताना, म्हणजे नेमका पाऊस पाडता येत नाही त्याच दिवसांत.

दिल्लीकडून घ्यायचेच असेल तर दोन गोष्टी घ्याव्यात. निर्देशांक कोणत्या पायरीवर गेला की कोणते निर्बंध लागू होणार हे आधीच जाहीर करणारा टप्पानिहाय कृती आराखडा तिथे २०१७ पासून आहे. तो बऱ्याचदा उशिरा अमलात येतो, पण निदान लिहिलेला आहे. दुसरी, शेजारच्या राज्यांवरही अधिकार चालणारा हवा गुणवत्ता आयोग. मुंबईची हवा दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर थांबत नाही. तळोजा, डोंबिवली, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, भिवंडीची गोदामे आणि माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने एकाच हवेत श्वास सोडतात, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या महापालिका मात्र अनेक आहेत. बीजिंगने २०१३ मध्ये वार्षिक सरासरी पीएम २.५ सुमारे ९० मायक्रोग्रॅम असताना काम सुरू केले आणि दहा-अकरा वर्षांत ती ३० च्या आसपास आणली. त्यासाठी शहरातले कोळशाचे बॉयलर तर काढलेच, पण भोवतालच्या हबेई प्रांतातील पोलाद कारखान्यांनाही त्याच आराखड्यात बांधून घेतले.

प्रश्न : आमच्या भागात कारखान्यांना धूर सोडण्याचे परवाने विकत मिळतात असे ऐकतो. हा तर पैसे देऊन प्रदूषण करण्याचा प्रकार झाला!
— यंत्रमाग कामगार, उधना, सुरत

उत्तर : ऐकायला तसे वाटते खरे. सुरतमध्ये २०१९ पासून चालू असलेली ही योजना धूलिकणांसाठीची जगातील पहिली बाजारपेठ मानली जाते. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळ कोळसा वापरणाऱ्या, मुख्यतः कापड प्रक्रियेतील कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून घेते, सर्वांनी मिळून किती धूलिकण सोडायचे याची कमाल मर्यादा ठरवते आणि तेवढेच परवाने वाटते. ज्याने गाळणी नीट ठेवली त्याचे परवाने उरतात, ते तो विकू शकतो. कमी पडले त्याला विकत घ्यावे लागतात, आणि तेही न घेता मर्यादा ओलांडली तर त्याने आधी भरलेल्या अनामत रकमेतून दंड कापला जातो. एकूण परवान्यांची संख्या ठरलेली असल्याने पैसेवाला कारखाना दुसऱ्याच्या वाट्याचा धूर सोडू शकतो, शहराच्या वाट्याला जास्तीचा धूर येत नाही. योजनेतील कारखान्यांचे उत्सर्जन बाहेरच्या कारखान्यांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले.

आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. मर्यादा संपूर्ण गटाची असते, त्यामुळे आपल्या वस्तीशेजारचाच कारखाना परवाने विकत घेऊन जास्त धूर सोडत असेल तर योजनेत ते बसते आणि आपल्याला त्रास मात्र होतो. अशा वेळी तक्रार त्या कारखान्याच्या संमतीपत्रातील अटींच्या आधारे करावी, कारण परवाने घेतले म्हणून त्या अटी सुटत नाहीत. धुराड्यावरच्या यंत्राच्या नोंदी मंडळाकडे असतात. आपल्याला त्रास झाला त्या तारखा आणि वेळा लिहून त्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागाव्यात.